उताऱ्यात ओळ शोधू नकोस, ‘काय म्हणतायत’ ते सांग

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार. मी सोलापूरची, अशोक चौकाजवळ राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बी.कॉम. घरी आम्ही तेलुगू बोलतो. आई बिड्या वळते, वडील यंत्रमागावर आहेत. गेलं दीड वर्ष मी बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेची तयारी करतेय. गणित, रिझनिंग बरं जातं. इंग्रजीत ग्रामरही जमतं. अडतं ते पॅसेजवर. त्यातही सन कुठला, कोण कुठे गेलं, अमुक का झालं, हे प्रश्न बरोबर येतात. पण ‘मेन आयडिया काय’, ‘सेंट्रल थीम काय’, ‘योग्य टायटल द्या’ असं विचारलं की चुकतंच. गेल्या दहा मॉक टेस्टमध्ये असे ११ प्रश्न आले, त्यातले ९ चुकले. मी प्रत्येक शब्दाचा मनात मराठी अर्थ करते. दोन वह्या भरून शब्द पाठ केलेत. तरी सगळेच पर्याय मला बरोबर वाटतात. क्लासमधले सर म्हणाले, मराठी मीडियमच्या मुलांनी पॅसेजच्या नादी लागू नये, तेवढे मार्क सोडून द्यावेत. खरंच सोडून देऊ का? आई म्हणते, घरात आलेले सगळे इंग्रजी कागद तूच मला वाचून सांगतेस, मग परीक्षेत तुला काय होतं? तिला काय उत्तर द्यावं, मला कळत नाही.
– एक वाचक, सोलापूर

प्रिय मुली,

पॅसेज सोडू नकोस. बाकीचं उत्तर लांब आहे, पण हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या मनावर ते ओझं राहणार नाही.

तुझ्या पत्रातले आकडे मी दोनदा वाचले. सन, नाव, कारण विचारणारे प्रश्न बरोबर, आणि मेन आयडियाचे ११ पैकी ९ चूक. इंग्रजी कच्चं असतं तर दोन्हीकडे चुकलं असतं. वाक्यं तुला कळतायत, म्हणून तर पहिल्या प्रकारचे प्रश्न सुटतायत. तेव्हा दुखणं भाषेत नाही, शोधण्याच्या सवयीत आहे. ती सवय कुणी लावली हेही मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः एकतीस वर्षं वर्गात तीच लावत होते. प्रश्नातला शब्द पकडा, उताऱ्यात तो कुठे आहे ते बोट ठेवून शोधा आणि ती ओळ उतरवून काढा, असं मी नववी-दहावीच्या मुलांना शिकवायचे. पास होण्याची धास्ती घेतलेल्या मुलाला त्याने आधार मिळायचा, हे खरं. पण ‘उत्तर म्हणजे उताऱ्यातली एक ओळ’ अशी समजूत त्याच्या मनात कायमची बसायची. आज तुझं पत्र वाचताना मला त्याचं वाईट वाटलं, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितेय.

मेन आयडियाच्या प्रश्नात ही समजूत उलटी पडते. जो पर्याय उताऱ्यातल्या एखाद्या ओळीशी शब्दाला शब्द जुळतो, तो तिथे बहुतेक वेळा चुकीचा असतो. जुळवाजुळव करणारा विद्यार्थी अडकावा म्हणूनच तो ठेवलेला असतो. बरोबर पर्यायात मात्र उताऱ्यात न आलेले शब्द असतात, आणि तुझ्यासारखी मुलगी ‘हे तर कुठे दिसलं नाही’ म्हणून तोच आधी खोडते.

आता आईच्या प्रश्नाकडे येते, कारण तुझं औषध तिच्या प्रश्नातच आहे.

समज, प्रॉव्हिडंट फंडाच्या ऑफिसातून दोन पानी इंग्रजी पत्र आलंय. आईच्या मांडीवर सूप आहे, हात थांबलेले नाहीत. तू पत्र डोळ्यांखालून घालतेस. वर संदर्भ क्रमांक आहे, कुठल्यातरी कलमाचा उल्लेख आहे, मग ‘यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड’, मग कागदपत्रांची यादी. आई विचारते, ‘एमंटुन्नरु?’ काय म्हणतायत? (माझ्या वर्गात निम्मी मुलं शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातली असायची, त्यामुळे एवढं तेलुगू माझ्याही कानात बसलंय.) तेव्हा तू तिला संदर्भ क्रमांक सांगत नाहीस. पहिल्या ओळीचं भाषांतरही करत नाहीस. तू म्हणतेस, ‘आधारवरचं नाव आणि त्यांच्याकडचं नाव जुळत नाही, ते दुरुस्त केल्याशिवाय पेन्शन सुरू होणार नाही.’

हे वाक्य त्या पत्रात जसंच्या तसं कुठेही नाही. अर्धं पहिल्या परिच्छेदात आहे, अर्धं दुसऱ्या पानावर, आणि यादी का दिलीय हे तू तुझ्या मनाने ओळखलंस. तरी पत्रातली प्रत्येक ओळ त्या एका वाक्यासाठीच लिहिलेली आहे. यालाच मेन आयडिया म्हणतात. तू हे काम किती वर्षं करत आलीयस ते तुझी आईच सांगतेय. परीक्षेच्या खोलीत मात्र ‘एमंटुन्नरु?’ विचारणारं कुणी नसतं, म्हणून तू ओळी शोधायला लागतेस. तेव्हा तो प्रश्न यापुढे तूच स्वतःला विचारायचा.

खरं तर एकापाठोपाठ एक असे दोन प्रश्न विचारायचे. पहिला, हे कशाबद्दल आहे? दुसरा, त्याबद्दल काय म्हणतायत? बहुतेक मुलं पहिल्यावरच थांबतात. ‘पेन्शनबद्दल आहे’ हे झालं विषयाचं नाव. ‘पेन्शनचं काय?’ याचं उत्तर दिल्याशिवाय मुद्दा हाती येत नाही. एक साधी खूण लक्षात ठेव. तुझ्या उत्तरात क्रियापद नसेल, तर तू अजून विषयावरच आहेस. मुद्दा सांगायला पूर्ण वाक्य लागतं. टायटलच्या प्रश्नात पर्याय दोन-चार शब्दांचेच असतात, पण तिथेही आधी मनात पूर्ण वाक्य कर आणि मग त्याला शोभेल असं टायटल निवड.

आता प्रत्यक्ष उतारा घेऊ. मी तो मराठीतच देते, म्हणजे शब्दांची भीती बाजूला राहील आणि चूक नेमकी कुठे होते ते उघडं दिसेल. आपल्या नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, म्हणून विषय तोच घेतला.

‘पावसाळा सरल्यावर पिवळं पडणारं माळरान पाहून बरेच लोक त्याला पडीक जमीन म्हणतात. अशा जागी झाडं लावावीत, असं त्यांना मनापासून वाटतं. मात्र माळढोकासारख्या पक्ष्याला हा उघडा माळच लागतो. तो घरटं बांधत नाही. मादी बहुधा एकच अंडं थेट जमिनीवर घालते. दूरवर नजर पोचली तरच तिला येणारा धोका वेळेत दिसतो. टोळ, सरडे, बिया हे या पक्ष्याचं खाणं त्याला गवतातच मिळतं. माळावर दाट झाडी वाढली, तर तो ती जागा सोडतो.’

पर्याय असे. एक, माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते. दोन, भारतातले अनेक पशुपक्षी संकटात आहेत. तीन, ओसाड दिसणारं माळरान काही जिवांचं आवश्यक घर असतं. चार, झाडं लावल्याने पर्यावरणाचं नेहमी नुकसान होतं.

तुझा हात पहिल्या पर्यायाकडे गेला असेल, असं मला वाटतं. तो पूर्ण खरा आहे आणि उताऱ्यात तसाच्या तसा आहे. पण ते अंड्याचं वाक्य पुसून टाक आणि उरलेला उतारा वाच. काही बिघडलं का? माळ का लागतो हे तरीही कळतं. जे काढल्यावर उतारा उभा राहतो, तो आधार असतो, मुद्दा नव्हे. आता ‘ते वाक्य लेखकाने तिथे कशाला घातलं?’ असं विचार. उघड्या जमिनीवर अंडं घालणाऱ्या पक्ष्याला उघडी जमीनच लागणार, हे पटवून द्यायला. म्हणजे ते वाक्य दुसऱ्या कशाकडे तरी बोट दाखवतंय, आणि ज्याच्याकडे बोट दाखवतंय ते तिसऱ्या पर्यायात आहे. ‘आवश्यक घर’ हे शब्द उताऱ्यात नाहीत, पण अंडं, नजर, खाणं, झाडी ही सगळी वाक्यं तिथेच येऊन टेकतात.

दुसरा पर्याय ऐकायला भारदस्त आहे आणि खराही आहे, पण उताऱ्यात माळढोक सोडून दुसरा पक्षी कुठे आहे? आठ वाक्यांच्या उताऱ्यावर एवढं मोठं छप्पर घातलं की भिंती पुरत नाहीत. चौथ्यात ‘नेहमी’ हा शब्द आहे. माळावरच्या झाडीबद्दल लेखक बोलला, जगातल्या सगळ्या झाडांबद्दल नाही. ऑलवेज, नेव्हर, ओन्ली, ऑल असे शब्द पर्यायात दिसले की उताऱ्याकडे परत जा आणि लेखक स्वतः इतकं ठाम बोललाय का ते बघ. बोलला असेल तर पर्याय ठेव. असे शब्द दिसले की डोळे मिटून खोडा, असं काही जण शिकवतात, ते बरोबर नाही.

या उताऱ्यातली आणखी एक जागा नीट बघून घे. पहिली दोन वाक्यं लेखकाची नाहीत. ‘बरेच लोक म्हणतात’, ‘त्यांना वाटतं’. लेखक दुसऱ्यांचं म्हणणं मांडतोय, आणि ‘मात्र’नंतर स्वतःचं सुरू करतोय. इंग्रजीत हे ‘मेनी पीपल थिंक’, ‘इट इज ऑफन सेड’, ‘इट इज कॉमनली बिलीव्ड’ अशा रूपात येतं. हे शब्द दिसले की पुढे कुठेतरी ‘बट’, ‘हाऊएव्हर’ किंवा ‘येट’ येणार, अशी वाट बघायची. तो शब्द आला की त्याखाली पेन्सिलीची रेघ मार; संगणकावर परीक्षा असेल तर समोरच्या कोऱ्या कागदावर एक टिंब दे. वजन बहुधा त्याच्या पुढच्या वाक्यात असतं. ‘उताऱ्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य वाचा, मुद्दा तिथेच असतो’ हा नियम क्लासमध्ये तू ऐकलाच असशील. वर तो लावून बघ. पहिल्या वाक्यात लेखकाला जे खोडायचंय तेच हाती लागतं. अर्थात प्रत्येक ‘बट’ इतका मोठा नसतो. ‘स्मॉल बट स्ट्राँग’मधला ‘बट’ दोन शब्दांपुरता आहे, त्याने उतारा वळत नाही. ‘फॉर एक्झाम्पल’ आणि ‘सच अ‍ॅज’ यांचं याच्या उलट असतं. त्यांच्यापुढे उदाहरण येतं, आणि ते ज्याचं उदाहरण आहे ती गोष्ट त्यांच्या आधी सांगून झालेली असते. तिथे पुढे धावू नकोस, एक वाक्य मागे बघ.

आता तुझ्या दोन वह्यांबद्दल. शब्द पाठ केलेस, ते वाया जाणार नाहीत. पण प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थ करत पुढे जाण्याने तुझी दमछाक होतेय, आणि त्याचं कारण भाषेच्या बांधणीत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. तुझ्या घरच्या तेलुगूतही तसंच. ‘आघाडीवरच्या जखमी सैनिकांवर उपचार करण्यासाठी डॉक्टर चीनमध्ये थांबले.’ डॉक्टरांनी काय केलं हे कळायला आपल्याला वाक्य संपेपर्यंत धीर धरावा लागतो, आणि आपल्याला तो धरायची सवय आहे. इंग्रजी वाक्य ‘दि डॉक्टर स्टेड’ म्हणून सुरुवातीलाच मोकळं होतं. कुठे, का, कुणासाठी, हे सगळं नंतर. तू मराठी धीराने इंग्रजी वाचतेस. मुख्य गोष्ट आधीच सांगून झालेली असते, तरी ती यायचीय असं समजून शेवटपर्यंत शब्द गोळा करत बसतेस, आणि वाक्य संपेतो सुरुवात विसरतेस.

म्हणून महिनाभर एक सराव कर. इंग्रजी वाक्य आलं की त्यातला कर्ता आणि क्रियापद एवढंच आधी पकड. कोण, आणि काय केलं. मधे स्वल्पविरामांत ‘हू’ किंवा ‘विच’ने सुरू होणारा तुकडा आला तर पहिल्या वाचनात त्याच्यावरून पुढे जा. अडलेला शब्द या दोन जागांपैकी एकात असेल, किंवा त्याच्यावाचून म्हणणंच कळत नसेल, तरच त्याच्यापाशी थांब. माळढोकाच्या इंग्रजी उताऱ्यात ‘ग्रासहॉपर’ अडला तर काय बिघडलं? पक्षी काहीतरी खातो आणि ते गवतात मिळतं, एवढं कळलं की पुरे. पण ‘बॅरन’ (म्हणजे ओसाड) अडला तर मात्र जरा थांबून आजूबाजूच्या वाक्यांवरून अंदाज घ्यायला हवा, कारण लोक माळाला जे म्हणतात ते त्या शब्दात आहे.

आणखी एक उतारा बघू. यात ‘मात्र’ नाही, आणि मुद्दा सांगणारं वाक्यही नाही.

‘द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात ते होते. पथकातले बाकीचे चौघे पुढे मायदेशी परतले. कोटणीस थांबले. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, तिथल्याच एका परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ३२ वर्षांचे होते.’

काय म्हणतायत? सगळी वाक्यं माहितीची आहेत. जन्म, साल, लग्न, मृत्यू. अशा उताऱ्यात तू हमखास हरवत असशील, कारण पकडायला ओळच नाही. इथे वळण कुठे आहे ते शोध. सगळ्यांत लहान वाक्य बघ, ‘कोटणीस थांबले.’ त्याच्या आधीचं सगळं त्या थांबण्यापर्यंत आणतं आणि नंतरचं सगळं ते थांबणं किती पुरतं होतं ते दाखवतं. भाषा शिकले, तिथेच संसार मांडला, तिथेच गेले. आईला सांगायचं तर तू म्हणशील, ‘मदतीला म्हणून गेले, आणि त्या लोकांचेच होऊन राहिले.’ झाली मेन आयडिया.

या उताऱ्याला आणखी एक पर्याय असू शकतो, ‘डॉ. कोटणीस हे भारत आणि चीन यांच्या मैत्रीचं प्रतीक मानले जातात.’ आणि इथे तू सोलापूरची असणंच आड येईल. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक तू पाहिलं असशील, शाळेत त्यांच्यावर भाषणं ऐकली असतील. हे विधान खरं आहे हे तुला उताऱ्याच्या बाहेरून माहीत आहे. पण मैत्रीचा, प्रतीकाचा एकही शब्द या सहा वाक्यांत नाही. उताऱ्यात एका माणसाचा निर्णय आहे. आपल्याला आधीपासून माहीत असलेली खरी गोष्ट पर्यायात दिसली की मन तिच्याकडे ओढ घेतं. परीक्षेत हुशार मुलांचे मार्क इथेच जातात. बँकेच्या परीक्षेत महागाई, हवामान, डिजिटल व्यवहार असे विषय येतात आणि त्यांवर प्रत्येकाचं काही ना काही मत असतंच, म्हणून तिथे हे फार सांभाळायला हवं.

आता या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मेन आयडियाचा प्रश्न आला की पर्याय वाचायच्या आधी स्वतःचं वाक्य कर. मराठीत कर, तेलुगूत कर, कसंही कर, पण आधी कर. सगळेच पर्याय बरोबर वाटतात असं तू लिहिलंस. हातात स्वतःचं काही नसताना ते वाचायला गेलीस तर तसंच वाटणार, कारण ते लिहिणाऱ्याने तशीच मेहनत घेतलेली असते. तुझं वाक्य तयार असेल तर तू निवडत नाहीस, ओळखतेस. स्टेशनवर पाहुण्याला घ्यायला गेलं की गर्दीतला प्रत्येक चेहरा आपण न्याहाळत बसत नाही. आपल्या माणसाचा चेहरा मनात असतो, तो दिसला की हात वर करतो.

वेळेचं म्हणशील, तर तुझ्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या ३० प्रश्नांना २० मिनिटं असतात. म्हणजे प्रश्नाला ४० सेकंद. मनात वाक्य करायला सवय झाल्यावर दहा सेकंद लागतात, आणि पर्यायांत घुटमळण्यात तुझी त्याहून जास्त जातात. उताऱ्यावरचे इतर प्रश्न आधी सोडव आणि मेन आयडियाचा शेवटी. तोवर तुझा उतारा दोनदा फिरून झालेला असतो. आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, तेव्हा निम्मे शब्द अनोळखी असलेला एखादा अवघड उतारा त्या दिवशी बाजूला ठेवलास तर तो शहाणपणा आहे. समोरचा एक उतारा पाहून सोडणं वेगळं आणि ‘आपल्याला पॅसेज जमतच नाहीत’ म्हणून सगळेच सोडणं वेगळं. क्लासमधल्या सरांनी तुला दुसरं करायला सांगितलं. त्यांनी बरीच मुलं अडलेली पाहिली असतील आणि मार्क वाचवायच्या हेतूने ते बोलले असतील, पण सल्ला चुकीचा आहे. कुठल्याही भाषेतलं म्हणणं समजून घेऊन ते दुसऱ्याला थोडक्यात सांगणं हे ज्या शहरात घरोघरी चालतं, जिथे मुलं घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी आणि बाजारात हिंदी बोलत मोठी होतात, तिथल्या मुलीला तिचं माध्यम सांगून मागे बसवलेलं मला पटत नाही.

सराव कसा करायचा तेही सांगते. पहिले आठ दिवस इंग्रजीला हात लावू नकोस. वाचनालयात मराठी पेपर घे, बातमीचा मथळा कागदाने झाक, बातमी वाच आणि एका वाक्यात मुद्दा लिही. मग कागद काढून मथळा बघ. मथळा लक्ष वेधायला लिहिलेला असतो, त्यामुळे तो तुझ्या वाक्याशी दरवेळी जुळणार नाही. कधीकधी तुझं वाक्य जास्त बरोबर असेल. नंतर हेच अग्रलेखांवर कर, तिथे लेखकाचं मत असतं आणि ‘मात्र’, ‘परंतु’ भरपूर असतात. आठ दिवसांनी इंग्रजी पेपरातल्या लहान बातम्या घे, आणि त्यानंतर पॅसेज.

मग तुझे ते चुकलेले ९ प्रश्न परत काढ. बरोबर उत्तर कुठलं हे पाहण्यापेक्षा तू निवडलेलं उत्तर कुठल्या जातीचं होतं ते प्रत्येकासमोर लिही. उताऱ्यातला एकच तपशील होता का? उताऱ्याहून मोठं होतं का? बाहेरचं खरं होतं का? टोकाचं होतं का? माझा अंदाज आहे की ९ पैकी बहुतेक पहिल्या जातीचे निघतील. तसं निघालं तर तुला चार दुखणी नाहीत, एकच आहे.

आणि रोज संध्याकाळी एक उतारा आईला सांग. ती बिड्या वळत असताना शेजारी बस, उतारा मनात वाच आणि तिला तेलुगूत एका वाक्यात सांग. तिला इंग्रजी येत नाही, हीच यातली जमेची बाजू आहे. इंग्रजी शब्द तिच्यापुढे तसाच ठेवून तुला निसटता येणार नाही. तिने ‘म्हणजे?’ असं विचारलं तर तू अजून विषयावरच आहेस, मुद्दा राहिलाय. तिने त्या गोष्टीबद्दल पुढचा प्रश्न विचारला, ‘मग त्या पक्ष्याचं काय करणार आता?’ असं काही, तर मुद्दा पोचला. तुझ्या क्लासमध्ये यापेक्षा चांगली परीक्षा कुणी घेणार नाही.

शेवटी एक उतारा तुझ्यासाठी ठेवते. याचं उत्तर मी देणार नाही.

‘सोलापूर जिल्ह्यातली रब्बी ज्वारी पाऊस संपत आल्यावर पेरतात. वाढीच्या दिवसांत तिच्यावर फारसा पाऊस पडत नाही. खोल काळ्या जमिनीत पावसाळ्याची ओल मुरलेली असते, तिच्यावर हे पीक वाढतं. त्याची मुळं खोलवर जाऊन ती ओल शोधतात. कणसं खुडल्यावर उरलेला कडबा उन्हाळ्यात जनावरांच्या कामी येतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पाण्याची सोय झालेल्या शेतात मात्र आता अनेक शेतकरी ऊस लावतात.’

यातला ‘मात्र’ उतारा वळवणारा आहे की नुसता शेपटीला आलेला आहे, ते ठरवताना घाई करू नकोस. मानांकनाचं वाक्य पुसून बघ. ओलीचं वाक्य पुसून बघ. मग आईला वाचून दाखव, आणि ‘एमंटुन्नरु?’ म्हटल्यावर तू तिला जे वाक्य सांगशील, तेच मला पुढच्या पत्रात लिहून पाठव. तेलुगूतलं असलं तरी चालेल, देवनागरीत लिही.

तुझी,
बाई